विजेची सांठवण आणि एक पातळ पडदा

एखादी वस्तु मिळवावयास मनुष्य शिकला म्हणजे ती सांठवून कशी ठेवावी हा प्रश्न त्याच्यापुढें लागलाच उभा राहतो. धान्य पिकूं लागलें तशी कणगी आली. पाणी पुरेना तेव्हां विहिरी व तळीं खोदण्यांत आलीं. आमच्या कोंकणांत तर पावसाळ्यासाठीं करावयाची आगोटीची बेगमी हा प्रत्येक घराच्या शहाणपणाचा कस मानला जातो. सुकी मासळी, कोकमें, पापड, आंब्याचीं साठें हीं ज्या गृहिणीनें वेळेवर करून ठेविलीं, तिचें घर आषाढांतील झडींत निश्चिंत असतें. परंतु ज्या विजेवांचून आज आमचा एक दिवसहि जात नाहीं, त्या विजेची बेगमी मात्र आम्हीं अद्याप नीटशी केलेली नाहीं. ती कशी करतां येईल, तिच्या मार्गांत कोणती अडचण आहे, आणि ती अडचण दूर करण्याच्या कामीं आमच्या मुलांमुलींनीं कां लक्ष घालावें, याविषयीं येथें थोडेसें लिहिण्याचें योजिलें आहे.

विजेचा स्वभाव असा आहे कीं, ती ज्या क्षणीं उत्पन्न होते त्याच क्षणीं कोणीतरी ती वापरली पाहिजे. कोळशावर चालणाऱ्या केंद्रांत मागणी वाढली कीं कोळसा अधिक जाळतां येतो. पण सूर्य व वारा हे कोणाच्याच आज्ञेंत नाहींत. कोळसा, तेल इत्यादि खनिज इंधन न जाळतां वीज करण्याची पांच लक्ष मेगावॉटची क्षमता २०३० सालापर्यंत सिद्ध करावी असें आपल्या देशानें ठरविलें आहे; आणि देशांतील एकंदर उत्पादनक्षमतेचा निम्मा भाग अशा साधनांचा असण्याची मजल २०२५ सालींच गांठली गेली. ही गोष्ट अभिमानास्पद खरी. तथापि सूर्याची वीज भर दुपारीं येते, आणि घरोघरचे दिवे, पंखे व विद्यार्थ्यांचा अभ्यास यांची वेळ दिवेलागणीनंतरची. दुपारची वीज रात्रीं वापरावयाची तर मधल्या काळांत ती कोठेंतरी ठेविली पाहिजे, हें उघड आहे.

आपल्या किनाऱ्यास या प्रश्नाची निकड इतरांहून अधिक आहे. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस या आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. श्रीवर्धन, म्हसळें, मुरुड या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या उन्मळून पडल्या, घरांचीं कौलें व पत्रे उडाले, आणि विजेचे खांब ओळीनें आडवे झाले. कित्येक गांवांत पुन्हां वीज येण्यास आठवडेच्या आठवडे लागले. वीज नाहीं म्हणजे नळाचें पाणी नाहीं, दूरध्वनि नाहीं, मासळीसाठीं बर्फ नाहीं, औषधें थंड ठेवण्याची सोय नाहीं, हें बोर्ली पंचतन व आसपासच्या गांवांतील मोठ्या माणसांस नव्यानें सांगावयास नको. वादळ कोणासहि थांबवितां येणार नाहीं. पण दूरची तार तुटली तरी निदान गांवचा दवाखाना, पाण्याचा पंप व एखादी पक्क्या बांधणीची शाळा एवढ्यांचें काम चालावें इतकी वीज गांवींच निर्माण होऊन गांवींच शिल्लक राहणें हें अशक्य नाहीं.

विजेची सांठवण आमच्या जिल्ह्यास अगदींच अपरिचित आहे असेंहि नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें टाटांचें जलविद्युत्केंद्र १९२७ सालीं सुरू झालें. तेथेंच पुढें १५० मेगावॉटची अशी योजना झाली कीं, मागणी थोडी असेल तेव्हां खालचें पाणी पंपानें वर चढवावें, आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी खालीं सोडून वीज करावी. ही रीति उत्तम आहे. परंतु तिला डोंगर लागतो, धरण लागतें, पुष्कळ जमीन लागते. प्रत्येक गांवीं ती होणें नाहीं. दुसरी रीति लिथियमच्या बॅटरीची. ती लहान, हलकी व चपळ असून अलीकडे तिची किंमतहि फार उतरली आहे. खिशांतील दूरध्वनि व विजेची मोटार यांस तिच्यासारखी दुसरी वस्तु नाहीं. तथापि सांठवण दुप्पट हवी तर लिथियमची सबंध बॅटरीच दुप्पट घ्यावी लागते. तिच्यांतील द्रव ज्वलनशील असल्यामुळें ती बिघडली तर आगीचें भय असतें. आणि वर्षानुवर्षें भरून रिकामी केली असतां तिची धारणाशक्ति हळूहळू क्षीण होते.

या दोन रीतींच्या मधली जी तिसरी रीति, तिला प्रवाही बॅटरी म्हणतात. नेहमींच्या बॅटरींत वीज ज्या द्रव्यांच्या आश्रयानें सांठते तीं द्रव्यें बॅटरीच्या पोटांतच कोंडलेलीं असतात. प्रवाही बॅटरींत तीं द्रवरूपानें दोन निराळ्या टाक्यांत असतात. दोन्ही द्रव पंपांच्या साहाय्यानें मध्यें असलेल्या एका कोठडींतून फिरविले जातात, आणि वीज भरण्याची किंवा काढण्याची क्रिया त्या कोठडींतच घडते. टाक्या मोठ्या केल्या कीं सांठा वाढतो. कोठड्यांची संख्या वाढविली कीं एका वेळीं अधिक जोरानें वीज घेतां येते. कोठार केवढें असावें व त्याचें दार किती रुंद असावें, हीं दोन्ही ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें स्वतंत्रपणें ठरवितां येतात, हाच या युक्तीचा विशेष होय.

१९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नासा या संस्थेंत लॉरेन्स थॅलर यांनीं लोह व क्रोमियम हे धातु घेऊन अशा बॅटरीवर काम केलें. त्यांत अडचण अशी होती कीं, एका टाकींतील धातु दुसरींत शिरला कीं दोन्ही द्रव कायमचे बिघडत. ही अडचण ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठांत मारिया स्कायलस-कझाकोस व त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दूर केली. त्यांनीं दोन्ही बाजूंस एकच धातु घेतला, तो व्हॅनेडियम. तो गंधकाम्लांत विरघळविला असतां त्याच्या चार अवस्था चार रंगांनीं ओळखूं येतात: जांभळी, हिरवी, निळी व पिवळी. एका टाकींत जांभळ्या-हिरव्याची जोडी, दुसरींत निळ्या-पिवळ्याची. वीज भरूं लागलें म्हणजे हिरव्याचें जांभळें व निळ्याचें पिवळें होतें. काढूं लागलें म्हणजे रंग उलट फिरतात. हा द्रव पाण्याचा असल्यामुळें पेट घेत नाहीं, आणि दोन्हीकडे एकच धातु असल्यामुळें थोडीबहुत सरमिसळ झाली तरी द्रव पुन्हां ठीक करतां येतो.

येथें एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अशा एका लिटर द्रवांत सुमारें २० वॉट-तास वीज राहते असें धरूं. आपल्या वीजबिलांतील एक युनिट म्हणजे एक हजार वॉट-तास; म्हणून एका युनिटास ५० लिटर द्रव लागेल. घरांच्या गच्च्यांवर दिसणाऱ्या पांचशें लिटरच्या दोन टाक्या भरल्या तर २० युनिटें सांठतील. एखाद्या लहान दवाखान्याचे दिवे, पंखे व शीतकपाट एवढ्यावर रात्रभर चालवितां येतील. लिथियमच्या बॅटरीस याच्या एकदशांशाहूनहि कमी जागा पुरेल, हें कबूल केलें पाहिजे. पण मोटारींत जागेची जशी टंचाई असते तशी दवाखान्याच्या मागील अंगणांत नसते. जी वस्तु एके ठिकाणीं स्थिर राहावयाची, वीस वर्षें टिकावयाची व आग लावावयाची नाहीं, तिच्या अंगच्या जाडेपणाकडे थोडी डोळेझांक करणें शहाणपणाचें आहे. चीनमध्यें डालियन येथें २०२२ सालीं चार लक्ष युनिटें सांठविणारी व्हॅनेडियमची बॅटरी सुरू झाली. आपल्या देशांतहि एनटीपीसीच्या ग्रेटर नोएडा येथील संशोधनसंस्थेंत तीन हजार युनिटांची अशी बॅटरी २०२५ सालच्या नोव्हेंबरांत सुरू झाली आहे.

मग ही बॅटरी गांवोगांव कां दिसत नाहीं? तिच्या महागपणाचीं कारणें मुख्यतः दोन. एक, व्हॅनेडियम हा धातूच महाग असून त्याचा भाव वरखालीं होत असतो. दुसरें कारण, ज्याच्याविषयीं हा लेख आहे, तें म्हणजे कोठडीच्या मधोमध ताणलेला एक पातळ पडदा.

हा पडदा काय करतो, हें जाणण्यासाठीं विज्ञानाच्या इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे. १७४८ सालीं फ्रान्समधील नोले नांवाच्या एका धर्मोपदेशकानें मद्यार्कानें भरलेल्या भांड्याच्या तोंडाशीं जनावराच्या मूत्राशयाची कातडी ताणून बांधली व तें भांडें पाण्यांत बुडविलें. पाणी कातडींतून आंत शिरलें व ती फुगून वर आली. एकाला वाट देणारा व दुसऱ्याला अडविणारा पडदा असूं शकतो, हें यावरून लोकांच्या लक्षांत येऊं लागलें. पुढें १८३६ सालीं इंग्लंडमधील जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनीं आपला प्रसिद्ध विद्युत्घट केला, तेव्हां मोरचुदाचें पाणी व जस्ताकडील अम्ल यांच्यामध्यें त्यांनीं बैलाच्या अन्ननलिकेची कातडी वापरली होती. पुढें तिच्या जागीं सच्छिद्र मातीचें भांडें आलें. हेंच भांडें शाळांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी पाहतात, आणि परीक्षेपुरती त्याची आकृति काढून विसरून जातात! खरें पाहतां त्या घटाचें सारें मर्म त्या भांड्यांत आहे. तें नसतें तर तांबें सरळ जस्तावर जाऊन बसतें, आणि तारेंतून वीज वाहण्याचें कारणच उरतें ना.

व्हॅनेडियमच्या बॅटरींतील पडद्याचें काम याहून कठीण आहे. विद्युत्कण बाहेरच्या तारेनें जातात. त्यांचा हिशेब पुरा व्हावा म्हणून आंतून प्रोटॉन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेले पाहिजेत. पडद्यानें या प्रोटॉनांस सुखानें जाऊं द्यावें, पण व्हॅनेडियमच्या कणांस अडवावें. कारण ते पलीकडे गेले कीं सांठविलेली वीज उष्णतेच्या रूपानें व्यर्थ जाते. शिवाय एका बाजूस तीव्र गंधकाम्ल व पिवळें व्हॅनेडियम हें दुसऱ्या पदार्थांस जाळून टाकणारें द्रव्य सदैव लागलेलें असतां पडदा कुजूं नये, फाटूं नये, सुजूं नये. हे गुण परस्परांचे वैरी आहेत, हीच खरी मेख. छिद्रें मोठीं केलीं तर प्रोटॉन वेगानें जातात, पण त्यांच्यामागोमाग व्हॅनेडियमहि जातें. छिद्रें बारीक केलीं किंवा पडदा जाड केला तर व्हॅनेडियम थांबतें, पण प्रोटॉनहि अडखळतात व वीज वाया जाते. तांदूळ खालीं पडावा व खडा वर राहावा अशी चाळण आपणांस हवी आहे. आणि तिचीं छिद्रें मोजावयाचीं तीं नॅनोमीटरांत, म्हणजे मिलिमीटराच्या दहा लाखाव्या भागांत.

सध्यां या कामीं ज्या पडद्याचा विशेष लौकिक आहे त्याचें नांव नाफिऑन. अमेरिकेंतील ड्युपाँट कंपनींत वॉल्थर ग्रोट यांनीं तो १९६० नंतरच्या दशकांत तयार केला. पदार्थ चिकटूं नये म्हणून तव्यावर ज्या टेफ्लॉनचा थर देतात, त्याच्याच जातीचा याचा कणा आहे. त्यास जागोजागीं गंधकाम्लाच्या जातीचीं टोकें जोडलेलीं असतात. हीं टोकें पाणी धरून ठेवितात, पडद्यांत पाण्याच्या अतिसूक्ष्म वाटा तयार होतात, आणि त्या वाटांनीं प्रोटॉन पार होतात. कणा इतका चिवट कीं अम्लानें तो झिजत नाहीं. परंतु या पडद्यास तीन दोष आहेत. तो फार महाग असून परदेशांतून आणावा लागतो, हा पहिला. त्याच्या वाटा थोड्या रुंद असल्यामुळें व्हॅनेडियमहि त्यांतून झिरपतें, हा दुसरा. तिसरा दोष आपल्या कोंकणच्या दृष्टीनें सर्वांत विचार करण्याजोगा आहे. तो असा कीं, हा पडदा फ्लोरीनच्या ज्या रसायनांच्या कुळांतील आहे, त्या कुळांतील कित्येक द्रव्यें एकदां पाण्यांत गेलीं कीं नाहींशीं होत नाहींत. इटलींतील व्हिचेन्झा प्रांतांत मितेनी नांवाच्या कारखान्याच्या अशा द्रव्यांनीं भूगर्भांतील पाणी दूषित झालें. तो कारखाना २०१८ सालीं दिवाळखोरींत निघाला, आणि २०२५ सालीं तेथील न्यायालयानें त्याच्या अधिकाऱ्यांस शिक्षा ठोठावल्या. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री पुढें आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यांत लोटे परशुराम येथें आली, हें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालेलें आहे. बॅटरींत बसविलेला तयार पडदा स्वतः पाणी नासवितो असें आमचें म्हणणें नाहीं. तो तयार करतांना काय बाहेर पडतें व निरुपयोगी झाल्यावर त्याचें काय करावयाचें, हा प्रश्न आहे.

म्हणून जगांतील पुष्कळ प्रयोगशाळांत फ्लोरीनवांचून पडदा करण्याचे प्रयत्न चालले आहेत. त्यांपैकीं दोन येथें सांगतों. पॉलिइथर-इथर-कीटोन, ज्यास थोडक्यांत पीक म्हणतात, हें एक अत्यंत कणखर पॉलिमर आहे. तें तीव्र गंधकाम्लांत विरघळवून कांहीं काळ ठेविलें कीं त्याच्या सांखळीस गंधकाम्लाचीं टोकें चिकटतात. मग तें बर्फाच्या थंड पाण्यांत ओतून धुऊन घेतात, योग्य द्रावकांत पुन्हां विरघळवितात, आणि कांचेवर पातळ थर पसरून वाळवितात. आमच्या आया ताटाला तूप लावून आंब्याचा रस पसरतात व वाळल्यावर साठ अलगद सोडवून घेतात, तशीच ही क्रिया आहे. आणि साठाप्रमाणेंच येथेंहि थर सर्वत्र सारखा येणें हेंच कौशल्य. टोकें थोडीं बसलीं तर प्रोटॉन जात नाहींत. फार बसलीं तर पडदा पाण्यानें फुगून लिबलिबीत होतो. दुसरें पॉलिमर म्हणजे पॉलिबेन्झिमिडाझोल. तें अम्लांत बुडविलें कीं स्वतः धनभारित होतें, आणि व्हॅनेडियमचे कणहि धनभारित असल्यामुळें त्यांस दूर लोटतें. तें उत्तम द्वारपाल आहे. पण प्रोटॉनांसहि तें सावकाश सोडतें, एवढा त्यांत उणेपणा. यांवर अनेक ठिकाणीं अभ्यास चालू असून, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जी १९५० सालीं सुरू झाली, तेथें पॉलिमरच्या पडद्यांवर व विशेषतः या दुसऱ्या पॉलिमरवर पुष्कळ वर्षें काम झालेलें आहे.

इतकी हकीकत सांगितल्यावर आतां आमचें मत स्पष्ट मांडतों. हा पडदा आपल्या देशांत, आणि शक्य तर आपल्या महाराष्ट्रांत तयार झाला पाहिजे. आणि तो फ्लोरीनवांचूनचा असला पाहिजे.

हें मत केवळ स्वदेशीच्या अभिमानानें दिलेलें नाहीं. बॅटरींतील द्रव पुढें बदलतील. आज व्हॅनेडियम आहे. उद्यां लोह येईल, परवां कार्बनचीं संयुगें येतील. परंतु द्रव कोणताहि असो, मध्यें पडदा बहुधा लागणारच. पडद्याची विद्या ज्याच्या हातीं तो कोणत्याहि द्रवाशीं जुळवून घेईल. हीच विद्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत लागते, खारें पाणी गोडें करण्यास लागते, हैड्रोजनवर चालणाऱ्या गाडींतहि लागते. ता. २१ ऑगस्ट २०२२ रोजीं पुण्यांत हैड्रोजनवर चालणारी देशी बनावटीची बस लोकांपुढें आली. तिच्या विद्युत्घटांतहि प्रोटॉन वाहून नेणारा पडदाच असतो. ज्या एका विद्येनें इतकीं दारें उघडतात, तिच्यासाठीं परक्याच्या तोंडाकडे पाहत बसणें बरें नव्हे.

आपल्या अंगीं तशी पात्रता नाहीं, ही समजूतहि चुकीची आहे. पीक हें पॉलिमर करणें जगांत फार थोड्यांस साधलेलें आहे. केकी घरडा यांच्या कंपनीनें तें आपल्या देशांत, गुजरातेंतील पानोली येथें, करून दाखविलें. घरडा हे मुंबईच्या रासायनिक तंत्रविद्येच्या संस्थेंत शिकलेले. डोंबिवलीस त्यांनीं कारखाना काढला, पुढें लोट्यासहि काढला. २०२४ सालीं ते वृद्धापकाळीं वारले. कच्चा माल करणारीं माणसें येथें झालीं, संशोधन करणारी संस्था पुण्यास आहे. दोहोंच्या मधला दुवा मात्र कच्चा आहे. प्रयोगशाळेंत होतो तो पडदा तळहाताएवढा. बॅटरीस लागतो तो गजावर गज, ताग्यासारखा, एकसारख्या जाडीचा. तळहातापासून ताग्यापर्यंतचा हा प्रवास कंटाळवाणा व खर्चाचा असतो, त्यांत कोणाचें नांव होत नाहीं, म्हणून तो अर्ध्यावर सुटतो. सरकारनें व धनिकांनीं पैसा लावावयाचा तर तो येथें लावावा.

दुसरें एक मागणें संशोधकांपाशीं आहे. बॅटरी वीस वर्षें टिकावी व रोज एकदां भरून रिकामी व्हावी, असें धरलें तर पडद्यास सात हजारांहून अधिक फेरे सोसावे लागतील. उलट नव्या पडद्याचीं जीं वर्णनें प्रसिद्ध होतात, त्यांत बहुधा कांहींशें फेऱ्यांचीच परीक्षा असते. वधूवरांची पारख मांडवांत होत नाहीं, संसारांत होते. पडद्याचेंहि तसेंच आहे. जो पडदा नवा आहे त्यापेक्षां जो टिकला आहे त्याचा गौरव अधिक व्हावा. एकाच पडद्याची दोन-तीन वर्षें अखंड परीक्षा घेणाऱ्या विद्यार्थ्यास, त्यानें नवीन कांहीं शोधिलें नसलें तरी, पदवी व मान मिळावा. अशी रीत पडेल तर प्रगति सावकाश दिसेल खरी, पण ती खरी असेल.

याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करूं. कोणी म्हणतील, लिथियम दिवसेंदिवस स्वस्त होत असतां हा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर असें कीं, एकाच साधनावर सर्व भिस्त ठेवणें धोक्याचें आहे. घरांत तांदूळ भरपूर असला तरी शहाणा मनुष्य थोडे पोहे व थोडी नाचणी ठेवितोच. लहान व चपळ कामें लिथियमनें करावीं, लांब रात्रीचीं कामें प्रवाही बॅटरीनें करावीं. दुसरे कोणी म्हणतील, वादळांत खांब पडतात तशा छपरावरील सूर्यपट्ट्याहि उडतील, मग बॅटरी काय कामाची? ही शंका रास्त आहे. म्हणून पट्ट्या पक्क्या बसविणें, टाक्या बंदिस्त व उंच जागीं ठेवणें, हें सारें त्याबरोबर आलेंच. एवढ्यानें सर्व गांव उजळणार नाहीं. पण दवाखान्याचा एक दिवा तेवत राहिला तरी त्या रात्रीं तो पुष्कळ आहे.

तिसरा आक्षेप पालकांच्या मनांतला, आणि तो सर्वांत वजनदार आहे. रसायनाचा कारखाना म्हटला कीं आमच्या जिल्ह्यांतील लोकांस प्रथम नदी आठवते. रोहा व महाड येथें उद्योग आले तसा पोटापाण्याचा धंदा आला, आणि कुंडलिका व सावित्री या नद्यांच्या पाण्याविषयीं तक्रारीहि आल्या. २०२४ सालच्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें ज्या औद्योगिक नगरींस मान्यता दिली त्यांत दिघीचें नांव आहे. म्हणजे हा प्रश्न आतां आपल्या उंबरठ्याशीं आला आहे. आमच्या मतें कारखाना नको म्हणून हटून बसणें किंवा कोणताहि कारखाना चालेल म्हणून मान डोलाविणें, या दोन्ही गोष्टी सारख्याच आंधळ्या आहेत. कोणता कारखाना, त्यांत काय जातें, त्यांतून काय बाहेर पडतें, व तें शुद्ध कोण करणार, हे चार प्रश्न ग्रामसभेंत उभे राहून विचारणारीं माणसें गांवांत पाहिजेत. व्हॅनेडियमच्या द्रवांत गंधकाम्ल असतें व तें धातुद्रव्यहि विषारी आहे; त्याची टाकी फुटली तर काय करावयाचें हेंहि विचारलें पाहिजे. हे प्रश्न नीट विचारावयास रसायनशास्त्र यावें लागतें. म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, नदी नासते म्हणून मुलांस रसायनापासून दूर ठेवूं नका. नदी नासूं नये म्हणूनच त्यांस तें शिकवा.

मुलींच्या पालकांस एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. व्हॅनेडियमच्या बॅटरीच्या जनक ज्या मारियाबाई, त्या ग्रीस देशाच्या कालिम्नोस नांवाच्या एका लहान बेटावर १९५१ सालीं जन्मल्या, आणि लहानपणींच आईबापांबरोबर ऑस्ट्रेलियास गेल्या. समुद्रावर पोट भरणाऱ्यांच्या त्या बेटांत व आपल्या किनाऱ्यांत फारसें अंतर नाहीं. आपल्या तालुक्यांतूनहि पोटासाठीं मुंबईस व परदेशीं गेलेलीं कुटुंबें थोडीं नाहींत. मुलगी दहावी झाली, आतां पुरे, असें म्हणण्यापूर्वीं त्यांनीं या उदाहरणाचा विचार करावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं एक लहानसें काम सुचवितों. शिक्षकांच्या देखरेखीखालीं डॅनियलचा घट मांडा. बिनचकाकीचें एक मातीचें बोळकें घ्या, बाहेर मोरचुदाचें पाणी व तांब्याचा पत्रा, आंत मिठाचें पाणी व जस्ताची पट्टी ठेवा. मोरचूद विषारी आहे, हें विसरूं नका. दाब सुमारें एक व्होल्ट भरेल. नंतर बोळक्याच्या जागीं सेलोफेनची पिशवी घ्या, मग जाड कागदाची घ्या. प्रत्येक वेळीं दर तासास दाब मोजा, आणि आंतलें पाणी निळें केव्हां होतें व जस्त काळें केव्हां पडतें तें वहींत लिहा. कोणता पडदा वाट देतो, कोणता अडवितो व कोणता टिकतो, हें तुमच्याच आंकड्यांवरून तुम्हांस दिसेल. पुण्याच्या प्रयोगशाळेंत चालतो तो विचार याहून सूक्ष्म असतो, पण जातीचा हाच.

आपल्या शाळेच्या प्रार्थनेच्या तासास दहा कुमारींचा दाखला तुम्हीं ऐकला असेल. दिवे सर्वांपाशीं होते. तेलाची बेगमी पांचजणींनींच केली होती, आणि वेळ आली तेव्हां उसनें तेल कोणालाहि मिळालें नाहीं. आज दिवे आपणां सर्वांच्या घरीं आहेत. तेल कसें सांठवावें, हें शिकण्याचें काम तुमच्या पिढीचें आहे. तें कोणाकडून उसनें मिळेल अशा भरंवशावर राहूं नका.